शाळा-इमारतींचा शालेय वेळेबाहेरील वापर

शाळा सुटल्यावर, रविवारी किंवा सुट्टीत शाळेच्या खोल्या, व्हरांडा आणि पटांगण गावाच्या अन्य कामी आणणे. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात (मुख्यालय : पौड) धरणाकाठच्या आणि घाटमाथ्यावरच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. तिथे देवळाखेरीज चार माणसे कोरड्यात बसतील अशी जागा म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची शाळाच.

सर्वांत ठळक वापर मतदानाचा. मुळशी तालुका भोर विधानसभा आणि बारामती लोकसभा मतदारसंघात येतो. 7 मे 2024 आणि 20 नोव्हेंबर 2024 या दोन्ही मतदानांना इथल्या शाळाखोल्या मतदान केंद्रे झाल्या. मतदान पथक आदल्या दिवशीच येते. बाके व्हरांड्यात रचली जातात, कर्मचारी रात्री वर्गातच सतरंजीवर अंग टाकतात. बाके परत लावण्याचे आणि भिंतींवर चिकटवलेले कागद खरवडण्याचे काम मात्र शिक्षक व मुलांच्या वाट्याला येते. मतदानासाठी जागा ताब्यात घेण्याचा अधिकार लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 (कलम 160) देतो, तर आपत्तीत तोच अधिकार आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 (कलम 65) देतो. ताम्हिणी परिसरात जुलै 2024 मध्ये 24 तासांत 500 मिमीहून अधिक पाऊस पडला. अशा मुलखात पक्क्या छताच्या इमारतीचे मोल वेगळे सांगायला नको. शेजारच्या रायगड जिल्ह्यात 19 जुलै 2023 च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीच्या शाळेत थांबलेली काही तरुण मुले वाचली आणि मदतीची हाक त्यांच्याकडूनच गेली.

शिकण्यासाठीचा वेळेबाहेरचा वापर याहून महत्त्वाचा, पण दुबळा राहिला आहे. काबाडकष्ट करणाऱ्यांसाठी दिवस मावळल्यावर शाळा, हा विचार पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्येच अमलात आणला. मुंबईतील अनेक रात्रशाळा आजही दिवसा भरणाऱ्या शाळांच्याच इमारतींत चालतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 शाळेची रिकामी जागा ‘सामाजिक चेतना केंद्र’ म्हणून वापरावी असे सुचवते. शाळा सुटल्यानंतर आणि सुट्टीच्या दिवशी तिथे प्रौढ शिक्षणाचे वर्ग घ्यावेत, असेही त्यात म्हटले आहे.

प्रत्यक्षात सारे किल्लीपाशी अडते. मुख्याध्यापक बाहेरगावाहून येणारे असतील तर पाचनंतर कुलूप कोणी उघडायचे, नळ फुटला तर भरपाई कोणी द्यायची, हे ठरलेले नसते. थकलेल्या बिलापायी जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याचे प्रकार राज्यात अनेकदा घडले आहेत. तिथे संध्याकाळची अभ्यासिका कशी चालणार? शिक्षण हक्क कायद्याने (2009) नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. किल्ली या समितीकडे सोपवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. मात्र त्याबरोबर वीजबिल, झाडलोट आणि राखणदाराचे मानधन यांची तरतूद जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात झालीच पाहिजे.