आरोपीचे घटनात्मक अधिकार (यवतमाळ जिल्हा)

गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला राज्यघटनेच्या अनुच्छेद २०, २१, २२ व ३९-अ यांनी दिलेले संरक्षण. कृत्य घडले त्या वेळच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा न होणे, एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा शिक्षा न होणे, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसणे, अटकेची कारणे कळणे, पसंतीचा वकील मिळणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाणे, हा त्याचा गाभा.

२४ तासांचा नियम घटनेहून जुना आहे. १० जुलै १९३० रोजी पुसदच्या जंगल सत्याग्रहात यवतमाळचे वकील लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून अटक ओढवून घेतली, तेव्हाही १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो होता. पण साधा कायदा वटहुकमाने बाजूला सारता येई. १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत कलम १५-अ, म्हणजे आजचा अनुच्छेद २२, मांडला आणि नियमाला मूलभूत हक्काचे बळ आले. त्याच अनुच्छेदाने प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला मात्र वाट ठेवली. महाराष्ट्रातील १९८१च्या ‘एमपीडीए’ कायद्याचा आधार तोच.

जिल्ह्यातील ज्या खटल्याने या अधिकारांची खरी कसोटी लागली तो अत्यंत संतापजनक गुन्ह्याचा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये एका चिमुरडीवर अत्याचार होऊन तिचा मृत्यू झाला. यवतमाळच्या सत्र न्यायालयाने २०१५ मध्ये आरोपीला फाशी सुनावली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयात न्या. उदय लळित यांच्या तीन सदस्यीय पीठापुढे तारखांचा प्रश्न उभा राहिला. दिल्लीतील निर्भया प्रकरणानंतरचा अध्यादेश ३ फेब्रुवारी २०१३ला, म्हणजे गुन्ह्याच्या काही दिवस आधी अमलात आला होता. त्याची जागा घेणाऱ्या अधिनियमाला एप्रिलमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो ३ फेब्रुवारीपासूनच लागू धरला गेला. बलात्काराच्या कलम ३७६(२) मधील जन्मठेप म्हणजे ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर’ हा कडक अर्थ अध्यादेशात नव्हता, तो अधिनियमात आला. तो मागे नेऊन या आरोपीला लावणे अनुच्छेद २०(१)शी विसंगत ठरले. २ नोव्हेंबर २०२०च्या निकालात दोषसिद्धी कायम राहिली, फाशी मात्र अन्य कारणांवरून टळली. खुनासाठी जन्मठेप आणि कलम ३७६-अ खाली २५ वर्षे सक्तमजुरी झाली. असा निकाल गावाच्या पचनी पडणे कठीण असते, पण अनुच्छेद २०(१)मध्ये गुन्ह्याच्या क्रौर्यानुसार सूट नाही.

रोजच्या व्यवहारात मात्र अटकेनंतरचा पहिला दिवसच निर्णायक असतो. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांतील अनेक कोलाम आदिवासी कामापुरती मराठी बोलतात. ‘नमूद गुन्ह्यातील मुद्देमाल हस्तगत करणेकामी सदर इसमाची पोलीस कोठडी मिळणेस विनंती’ ही रिमांड अर्जातली मराठी शिकलेल्या यवतमाळकरालाही दोनदा वाचावी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी मुंबईतील एका वाहन अपघात प्रकरणात निर्वाळा दिला की अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी दिलीच पाहिजेत. ताबडतोब शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात द्यावा. कोलामीला स्वतःची लिपी नाही. त्यामुळे इथे कागदाबरोबर समजावून सांगणारा माणूसही लागणार, हे उघड आहे.

मोफत वकिलाची तरतूद अनुच्छेद ३९-अ मध्ये १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आली. त्यानंतर दोनच वर्षांत महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट खटल्यात कैद्याचा अपिलासाठी वकील मिळण्याचा हक्क मान्य झाला. पहिल्यांदा हजर केले जाताच दंडाधिकाऱ्याने आरोपीला या हक्काची जाणीव करून द्यावी, हे २०१२च्या कसाब निकालाने बंधनकारक केले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. कोलाम किंवा गोंड आरोपीकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागण्याचे त्यामुळे कारणच उरत नाही.