बाबा फिल्डला, शाळा कुठे?

तुमच्यापैकी कोणी केंद्रीय विद्यालयात शिकलं असेल, तर हे ओळखीचं वाटेल. ऐन ऑगस्टमध्ये एक नवा मुलगा वर्गात यायचा. कधी तो पठाणकोटहून आलेला असायचा, कधी जोरहाटहून. पुस्तकं तीच, गणवेश तोच, धडाही साधारण तोच चाललेला. दोन दिवसांत तो आपल्यातलाच होऊन जायचा. आणि मार्चच्या आधीच एखादी मैत्रीण टीसी घेऊन निघून जायची. मी अशा तीन केव्हींमध्ये शिकले, आणि देशातल्या सगळ्या शाळा अशाच असतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

केव्ही अशी का आहे, हे खूप नंतर वाचलं. तिचा जन्म छावणीतला. सैन्याच्या मोठ्या ठाण्यांवर रेजिमेंटच्या शाळा असायच्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये केंद्र सरकारने बदलीच्या नोकरदारांच्या मुलांसाठी एकसारख्या शाळांची योजना मंजूर केली, आणि १९६३-६४ या वर्षात अशा २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन त्यांना 'सेंट्रल स्कूल' केलं. महिना लक्षात घ्या. त्याच महिन्यात चीनचं युद्ध चालू होतं आणि यशवंतराव चव्हाण मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते. योजना मात्र युद्धातून आलेली नव्हती, ती दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीतून आली होती. तरी सुरुवात झाली ती फौजेच्या मुलांपासूनच. आज देशात बाराशेहून जास्त केंद्रीय विद्यालयं आहेत, आणि प्रवेशाच्या वेळी पालकांच्या मागच्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या हे आजही मोजलं जातं.

बाप बंदूक घेऊन दूर गेला, तर त्याच्या मुलांना कोणी सांभाळायचं? हा प्रश्न मात्र केव्हीपेक्षा खूप जुना आहे. त्याची उत्तरं वेळोवेळी कोणी दिली आणि कोणासाठी दिली, ते पाहू.

थंड हवेची शाळा

आपल्याकडची पहिली उत्तरं गोऱ्या मुलांसाठी होती. मुंबईत १८१५ साली 'बॉम्बे एज्युकेशन सोसायटी' सुरू झाली ती गरीब युरोपीय मुलांसाठी. त्यात सैनिकांची आणि खलाशांची, बऱ्याचदा पोरकी झालेली मुलं होती. भायखळ्याच्या तिच्या शाळांतून पुढे देवळालीची बार्न्स शाळा निघाली.

मग १८४७ साली हेन्री लॉरेन्सने कसौलीजवळ सनावरला 'लॉरेन्स असायलम' काढलं. आज ती महागडी बोर्डिंग शाळा आहे, पण तेव्हा ते साध्या गोऱ्या शिपायांच्या मुलांचं आश्रयस्थान होतं. मुलं आणि मुली, दोघांनाही. मैदानी मुलखातला उन्हाळा, कॉलरा, आणि बराकीतलं दारू-शिवीगाळीचं वातावरण यांपासून त्यांना दूर ठेवायचं, हा हेतू. पाठोपाठ १८५६ ला माउंट अबूला आणि १८५८ ला उटीजवळ लव्हडेलला अशाच शाळा निघाल्या.

कल्पना माणुसकीची होती, पण दारात चाळणी होती. आईबाप दोघेही युरोपीय असलेल्या मुलाला आधी जागा, मिश्र वंशाच्या मुलाला नंतर. कारण काय, तर शुद्ध युरोपीय मुलाला इथली हवा जास्त बाधते. आणि त्याच फौजेत त्याच उन्हात उभ्या असलेल्या हिंदी शिपायाच्या मुलाचा या यादीत विचारच नव्हता.

छावणीतली सक्ती

तरी हिंदी शिपायाच्या मुलाला काहीच मिळालं नाही असंही नाही. हा भाग आपल्या अगदी जवळचा आहे.

कंपनीच्या काळापासून मुंबई इलाख्याच्या फौजेत शिपायांसाठी शाळा होत्या. शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, तिथे शिकणं सक्तीचं होतं असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे फौजेतल्याच शाळेत मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब जन्मले तेही महूच्या छावणीत. गावातल्या शाळेची पायरी ज्या मुलांना चढू दिली जात नव्हती, त्यांना छावणीत अक्षर मिळत होतं. बापाच्या नोकरीसोबत आलेली ही शाळा होती. त्या घरांसाठी तिचा अर्थ काय होता, हे वेगळं सांगायला नको.

पण तिची मर्यादाही त्यातच होती. १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ डोक्यात घेतलं आणि महारांची भरती बंद केली. नोकरी गेली की छावणी सुटते, आणि छावणी सुटली की पुढच्या पिढीची शाळाही सुटते. निवृत्त फौजी गोपाळबाबा वलंगकर तेव्हा कोकणातून सरकारला अर्ज करत होते: आम्हाला पुन्हा भरतीत घ्या. या मागणीकडे आपण पगाराची आणि मानाची मागणी म्हणून बघतो. मला ती मुलांच्या शाळेचीही मागणी वाटते. पुढे महायुद्धाच्या गरजेपोटी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ ला ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं, तेही पुन्हा एका महायुद्धात. फौजेला माणसं हवी असली की दार उघडायचं आणि नको असली की बंद, अशा हिशेबात तीन पिढ्यांचं लहानपण गेलं.

गावाने केलेलं काम

पहिल्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी माणसं समुद्रापार गेली. मराठा पलटणींतले बरेचसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पुण्याची सहावी डिव्हिजन अडकली. त्यात मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये उपाशी सैन्याने शरणागती पत्करली आणि सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली. त्यांच्या घरी बातमी तुकड्यातुकड्याने पोचली असेल, काही घरी पोचलीच नसेल.

साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव तुम्ही ऐकलं असेल. गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे. त्या युद्धात या एका गावातले ४६ जण गेले आणि इंग्रजांनी तिथे त्यांचं स्मारक उभारलं. स्मारक मेलेल्यांचं होतं. मागे राहिलेल्या पोरांसाठी त्या दगडावर काही लिहिलेलं नव्हतं, आणि ते काम गावानेच केलं.

कसं केलं, ते कोणत्याही फौजी गावात आजही दिसतं, कारण पद्धत फारशी बदललेली नाही. पोरं आजोळी जायची, मामा बापाच्या जागी उभा राहायचा. चुलता शेत कसायचा. पेन्शनीत आलेला एखादा सुभेदार अख्ख्या आळीची पत्रं वाचून दाखवायचा, उत्तरं लिहून द्यायचा, आणि पोरगं शाळा बुडवून हिंडताना दिसलं तर कान धरून आणायचा. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की आधी दुकानदाराची उधारी भागायची, मग शाळेची फी. बापाचा अंगठा किंवा सही असलेली ती मनीऑर्डरची चिठोरी कित्येक घरांत जपून ठेवलेली असायची, कारण त्या खालच्या चार ओळींत 'पोरं बरी आहेत ना' असं विचारलेलं असायचं.

या व्यवस्थेला नाव नव्हतं आणि निधीही नव्हता. ती बहुतेक बायांच्या जिवावर चालायची. माझी आजी दोन मुलग्यांच्या पाच पोरांचं करायची, कारण दोन्ही मुलगे मिल्ट्रीत. तिला कोणी 'सपोर्ट सिस्टिम' म्हटलं असतं तर ती हसली असती.

बापाची नोकरी मुलाला

सरकारी उत्तर महायुद्धानंतर आलं. १९१९ साली 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' स्थापन झालं. आजची सैनिक बोर्डं आणि जिल्ह्याच्या गावी असणारं सैनिक कल्याण कार्यालय ही त्याचीच वंशावळ. १९२५ मध्ये जालंधर आणि झेलमला हिंदी शिपायांच्या मुलांसाठी 'किंग जॉर्ज' मिलिटरी शाळा सुरू झाल्या. १९३० मध्ये अजमेरला, १९४५ मध्ये बेळगावला, १९४६ मध्ये बंगळूरला. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे आपल्याकडच्या जवानांच्या मुलांना ही शाळा जवळची. याच आजच्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूल. झेलमची शाळा फाळणीत पाकिस्तानात गेली, जालंधरची शेवटी हिमाचलात चैलला स्थिरावली.

शिपायाच्या मुलाला निवासी शाळा, चांगलं जेवण, खेळ, इंग्रजी. हे मोठंच होतं. पण शाळेची रचना बघितली की सरकारच्या मनातलं कळतं. शिपायाच्या मुलाने पुढे फौजेतच यावं, म्हणून ती बांधलेली होती. आणि ती फक्त मुलग्यांसाठी होती. सनावरला गोऱ्या शिपायांच्या मुली १८४७ पासून शिकत होत्या. राष्ट्रीय मिलिटरी स्कूलचं दार मुलींसाठी उघडलं ते २०२२ मध्ये. मधली पंच्याहत्तर नव्हे, पावणेदोनशे वर्षं मोजा.

स्वातंत्र्यानंतर २३ जून १९६१ ला साताऱ्यात देशातली पहिली सैनिक स्कूल निघाली. तीही एनडीएला मुलं पाठवायच्या हेतूने, आणि ती फौजेबाहेरच्या घरांतल्या मुलग्यांनाही खुली होती. फौजींच्या मुलांना त्यात राखीव जागा मिळाल्या.

या सगळ्या रांगेत रेजिमेंटल शाळा आणि त्यांच्यातून निघालेली केव्ही मला म्हणूनच वेगळी वाटते. तिने मुलाला कॅडेट करायचं ठरवलं नव्हतं. बापाची बदली झाली तरी पोराचं वर्ष वाया जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. शिवाय तिथे मुलगी पहिल्या दिवसापासून होती. मी शिकले ती या साध्या कल्पनेमुळे.

जिवंत बापाची मुलं

नंतरच्या काळात बरंच काही आलं. १९६६ मध्ये फौजी बायकांची संघटना 'आवा'. तिच्या 'आशा' शाळांत विशेष गरजा असलेली मुलं शिकतात. १९८३ मध्ये आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी आली आणि आर्मी पब्लिक स्कूलांचं जाळं पसरलं. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या गावी सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहं आहेत. ७ डिसेंबरला शाळेत शर्टावर टाचलेला तो छोटा ध्वज आठवतो? १९४९ पासून चालू असलेल्या त्या ध्वजनिधीतून सैनिकांच्या कुटुंबांसाठीच्या योजनांना पैसा जातो.

१९७१ च्या युद्धानंतर शहीद, बेपत्ता आणि कायमचे जखमी झालेल्या सैनिकांच्या मुलांचा शिक्षणखर्च सरकारने उचलायचं ठरवलं. २०१७ मध्ये त्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली, आरडाओरड झाली, आणि मार्च २०१८ मध्ये ती काढली. ही आरडाओरड योग्यच होती.

पण मला त्यात एक गोष्ट दिसते. बाप गेला की मूल सगळ्यांना दिसतं. पुढारी येतात, गावात कमान उभी राहते, मदत जाहीर होते. बाप जिवंत आहे आणि फक्त दूर आहे, तेव्हा ते मूल कोणाच्याच नोंदीत नसतं.

फौजेत पोस्टिंग दोन प्रकारचं. 'पीस'ला कुटुंब सोबत नेता येतं, 'फिल्ड'ला येत नाही. बाबा फिल्डला गेले की आमच्यासारख्यांपुढे दोन वाटा असायच्या. एखाद्या छावणीत 'सेपरेटेड फॅमिली' क्वार्टरचा नंबर लागेपर्यंत थांबायचं, नाहीतर ट्रंका बांधून गावी जायचं. नंबर लागणं सोपं नव्हतं. मग आम्ही आजोळी जायचो. छावणीत निम्म्या वर्गाचे वडील लांब असायचे, त्यामुळे त्यात वेगळं काही वाटायचं नाही. गावाजवळच्या शाळेत मात्र प्रगतिपुस्तकावर वडिलांचीच सही हवी म्हणून मला दोनदा परत पाठवलं होतं. वडील तेव्हा जिथे होते तिथे पत्र पोचायला तीन आठवडे लागायचे. तिसऱ्यांदा मामा सोबत आला आणि त्याने सही केली. माझ्यासाठी सैनिक कल्याण म्हणजे ती सही होती.

आता व्हिडिओ कॉल आहे. जिथे नेटवर्क आहे तिथे बाप रात्री स्क्रीनवर दिसतो, गणितही सोडवून देतो. पण तेवढ्याच वेगाने बातमीही येते. सीमेवर काही झालं की सातवीतली मुलगी घरच्या मोठ्यांच्या आधी फोनवर वाचते, आणि दुसऱ्या दिवशी तिची चाचणी असते. आपल्या बहुसंख्य शाळांत तिच्या शिक्षकांना तिचे वडील कुठे आहेत हे माहीतही नसतं.

शंभर वर्षांपूर्वी पेन्शनीत आलेल्या सुभेदाराला ते माहीत असायचं. आळीत कोणाचा बाप कुठल्या मुलखात आहे, शेवटचं पत्र कधी आलं, कोणतं पोर गप्प झालंय. आता आळ्या रिकाम्या होत आहेत, फौजी कुटुंबं मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला, शहरात फ्लॅटमध्ये राहायला येत आहेत. सोसायटीत शेजारच्या दारावर फक्त आडनावाची पाटी असते. त्या घरात एक बाई दोन पोरं घेऊन एकटी का राहते, हे आपण विचारत नाही. विचारलं तर कदाचित पालकसभेला तिच्यासोबत जायला, किंवा एखाद्या संध्याकाळी मुलाला सायकल शिकवायला, कोणीतरी हवं असेल. त्यासाठी कोणत्याही बोर्डाची मंजुरी लागत नाही.