गादीच्या शस्त्रक्रियेनंतरची कंबरदुखी

मणक्यांमधील गादीची शस्त्रक्रिया झाल्यावर पायाची कळ थांबते. मात्र काही रुग्णांची कंबर दुखतच राहते. अशा वेळी शस्त्रक्रिया फसली असे मानले जाते. प्रत्यक्षात या दोन वेदनांची कारणे बहुधा वेगळी असतात.

सरकलेल्या गादीचा नसेवर दाब येऊन पायात कळ उतरते, हे बोस्टनमधील मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिले. शस्त्रक्रियेत दाब देणारा तुकडा काढला जातो. झिजलेली गादी मात्र नवी होत नाही. प्रौढ वयात गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसल्याने तिची झीज फारशी भरून येत नाही. पाणीदार गाभा घटल्यामुळे गादीची उंची हळूहळू कमी होते आणि मणक्यांमागील लहान सांध्यांवर अधिक भार येतो. लगतच्या हाडातही बदल होतात. एमआरआयमध्ये दिसणारे हे बदल १९८८ मध्ये वर्गवारी करणाऱ्या मोडिक यांच्या नावाने ओळखले जातात.

तथापि चित्रातील झीज आणि वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. कसलाही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही झीज आढळते. त्यामुळे केवळ अहवाल पाहून दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य ठरत नाही.

काही काळ आराम पडून पायाची कळ पुन्हा सुरू झाल्यास गादी त्याच जागी परत सरकली असण्याची शक्यता असते. नसेभोवती तयार झालेल्या व्रणाच्या ऊतीमुळेही असा त्रास होऊ शकतो. शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेल्या एमआरआयमध्ये हा फरक बहुधा स्पष्ट होतो: व्रणाची ऊती उजळते, गादीचा तुकडा सहसा उजळत नाही.

केवळ कंबर दुखत असल्यास चालणे, फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली पाठ व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि धूम्रपानाचा त्याग हे उपाय प्रथम करावेत. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू अधिकच दुबळे होतात.

काही लक्षणे मात्र तातडीची समजावीत. लघवी अडणे, लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे किंवा पावलातील शक्ती कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत तापासह कंबरदुखी वाढत गेल्यास जंतुसंसर्गाची शंका घेऊन विनाविलंब तपासणी करून घ्यावी.