दळण आणि कथा



एकच काम पुनःपुन्हा करावे लागले म्हणजे आपण त्याला ‘तेच ते दळण’ म्हणतो. संगणकावरील भुयारी खेळांच्या शौकिनांनीही याच अर्थाचा इंग्रजी शब्द योजिला आहे, ‘ग्राइंडिंग’. या खेळांत खेळणारा एक टोळी घेऊन अंधाऱ्या भुयारात उतरतो. टोळी बलवान व्हावी म्हणून त्याच त्या राक्षसांशी शंभरदा झुंजणे, हे ते दळण. जुने गाजलेले भुयारी खेळ अलीकडे नव्या रूपात पुन्हा निघाले, आणि त्यांच्याबरोबर प्रश्न आला की या दळणाचे करावयाचे काय? ते वगळून निव्वळ कथा ठेवावी, की होते तसे राहू द्यावे? याचे उत्तर या खेळांच्या इतिहासातच सापडते.

१९८१ साली कॉर्नेल विद्यापीठातील अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघा तरुणांचा ‘विझर्ड्री’ हा खेळ अ‍ॅपल टू या संगणकासाठी प्रसिद्ध झाला. त्या यंत्राची स्मृती अवघी ४८ किलोबाइट. इतक्या तोकड्या जागेत कथा मावणार ती किती? ट्रेबॉर नावाच्या विक्षिप्त अधिपतीचा ताईत वर्डना या मांत्रिकाने पळविला आहे, तो परत आणावयाचा; संपली कथा! ही नावे रोमन लिपीत उलटी वाचली की रॉबर्ट आणि अँड्र्यू हीच निघतात. भुयाराचे मजले १०, प्रत्येक मजला २० घरे लांब आणि २० घरे रुंद. भिंती म्हणजे नुसत्या रेघा. नकाशा खेळणाऱ्याने चौकटीच्या कागदावर स्वतः काढावयाचा.

मग लोक या खेळात रात्री का जागले? कारण तेथे मृत्यू खरा होता. सहा जणांच्या टोळीतील कोणी पडला तर त्याला देवळात नेऊन, दक्षिणा मोजून जिवंत करण्याचा यत्न करावयाचा. तो फसला तर देहाची राख होई. राखेवरचा यत्नही फसला तर तो गडी कायमचा गेला. घडलेले लगेच तबकडीवर नोंदले जाई, त्यामुळे ‘झाले ते झाले नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. अशा स्थितीत आणखी एक दार उघडावे की आहे तेवढ्यावर माघारी फिरावे, हा विचार प्रत्येक फेरीत करावा लागे. लेखकांनी न लिहिलेली कथा खेळणाराच रचीत होता. ज्या गड्याला त्याने स्वतः नाव दिले, फेरीफेरीने वाढविले, त्याच्या मरणाने जीव हळहळे.

परंतु याच खेळात दळणाचे दुसरे रूपही होते. पहिल्या मजल्यावर मर्फीचे भूत हटकून भेटे. त्याचा मार फारसा लागत नसे, अनुभवाचे गुण मात्र भरपूर मिळत. लोक त्याच जागी पुनःपुन्हा जाऊन त्याला झोडपीत. १९८५ च्या ‘द बार्ड्स टेल’मध्ये हार्किनच्या किल्ल्यात ९९-९९ योद्ध्यांचे चार जथे एकदम समोर येत. ते जिंकण्याची युक्ती एकदा साधली की पुढे तीच लढत गुणांची खाण ठरे. तेथे ना भय, ना विचार. आम्ही शिक्षक उजळणी आणि घोकंपट्टी यांत जो भेद करतो, तोच येथे लागू पडतो. उजळणीत मन जागे असते. घोकंपट्टीत केवळ जीभ हलते.

आता नव्या आवृत्त्यांकडे वळू. ‘द बार्ड्स टेल’च्या तीन भागांची २०१८ ची आवृत्ती नकाशा आपणच काढून देते, एवढ्यानेच कितीतरी शीण वाचतो. जपानी ‘एट्रियन ओडिसी’ने २००७ साली जुन्या भुयारी खेळांची परंपरा पुन्हा उचलली, आणि २०१३ च्या ‘अनटोल्ड’ या नव्या रूपात तिने दोन वाटा ठेविल्या: एकीत ठरावीक पात्रे व बांधीव कथा, दुसरीत पूर्वीप्रमाणे आपली टोळी आपणच घडविणे. कथेच्या वाटेवर संवाद आले, पात्रांना स्वभाव आले. पण टोळी निवडण्याचा हक्क गेला. २०२४ साली पूर्ण झालेली डिजिटल एक्लिप्सची ‘विझर्ड्री’ अधिक सावध आहे. वरचे चित्र नवे, पण खाली १९८१ चाच कार्यक्रम चालतो. जुना पडदाही कोपऱ्यात पाहता येतो. कोणते नियम जुने ठेवावेत आणि कोणते सुधारलेले घ्यावेत, यातील बराच निर्णय खेळणाऱ्यावर सोपविला आहे.

मला ही शेवटची रीत योग्य वाटते. नकाशाचे कष्ट किंवा सामानाची हलवाहलव कमी केल्याने काही बिघडत नाही. गुणच चौपट वाटले, तर मात्र संकट येण्याआधीच टोळी बलाढ्य होते आणि माघारी फिरण्याचा प्रश्नच उरत नाही. मग भुयार म्हणजे नुसता लांबलचक बोळ! आपल्या आयाबायांनी जात्यावर बसून ओव्या रचल्या. हात दळणात होते, मन आपल्या माणसांत होते. जुन्या खेळाला नवे रूप देणाऱ्याने जाते हलके अवश्य करावे, परंतु ज्या फेऱ्यांत ओवी सुचते त्या फेऱ्या वगळू नयेत.