विरजणाची चकती : बूटेबल सीडीचा आपल्याकडचा इतिहास

अकोल्यात इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की लोकांना रतनगड आठवतो, हरिश्चंद्रगड आठवतो. मी आज एका प्लॅस्टिकच्या चकतीबद्दल बोलणार आहे, त्यामुळे थोडं सांभाळून घ्या. विषय पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचाच आहे, पण त्याची साधनं गडाच्या दगडांपेक्षा लवकर नाहीशी होत आहेत, म्हणून तो निवडला.

आधी एक साधी अडचण समजून घेऊ. दही लावायला काय लागतं? दही. घरातलं विरजण संपलं तर शेजारच्या काकूंकडं वाटी घेऊन जावं लागतं. संगणकाचं तसंच आहे. डिस्कवरची फाइल वाचायला एक प्रोग्रॅम लागतो, आणि तो प्रोग्रॅम स्वतःच डिस्कवर असतो. मग पहिला कोण वाचणार? १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा यावर तोडगा होता तो असा. मदरबोर्डच्या चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला. त्याला फाइल वगैरे काही कळत नाही. तो फक्त फ्लॉपीचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलतो, मेमरीत ठेवतो आणि त्याच्या हाती कारभार देतो. तो तुकडा पुढचा तुकडा उचलतो, असं करत करत अख्खी सिस्टिम उभी राहते. ते ५१२ बाइट म्हणजे विरजण.

आता गंमत बघा. सीडी आली, तिच्यावर साडेसहाशे एमबी मावायला लागलं, पण बायोसला सीडी वाचताच येत नव्हती. विंडोज ९५ ची सीडी घरी आणली तरी कोऱ्या मशीनवर ती घालायला सोबत एक बूट फ्लॉपी लागायची. फ्लॉपीवरून डॉस सुरू करा, डॉसला सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर द्या, मग सीडी दिसणार. ती एक फ्लॉपी खराब झाली की सगळं ठप्प. आणि फ्लॉपी खराब व्हायला फार काही लागत नसे, धूळ आणि दमट हवा पुरे. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन्हीपैकी एक तरी हमखास.

यावर जानेवारी १९९५ मध्ये फीनिक्स आणि आयबीएम या दोन कंपन्यांनी एक तपशीलवार नियम प्रसिद्ध केला. नाव ‘एल टोरिटो’. लिहिणारे दोघे अभियंते कॅलिफोर्नियात याच नावाच्या मेक्सिकन हॉटेलात जेवायला बसले होते, तिथून नाव आलं असं सांगतात. स्पॅनिशमध्ये अर्थ लहान बैल, आपल्या भाषेत गोऱ्हा. युक्ती मात्र झकास होती. सीडीचे पहिले सोळा सेक्टर १९८८ च्या आयएसओ ९६६० या मानकानं मोकळेच सोडले होते. शून्यापासून मोजलं तर सतराव्या क्रमांकाच्या सेक्टरवर एक खूण ठेवायची, आणि ती खूण सांगणार की सुरुवातीचा प्रोग्रॅम कुठं आहे. जुन्या प्रोग्रॅमना धक्का बसू नये म्हणून सीडीचा एक भाग चक्क ‘मी फ्लॉपी आहे’ असं सोंग घ्यायचा. सोंगाची फ्लॉपी ए ड्राइव्ह व्हायची आणि खरी फ्लॉपी बी. मला ही तडजोड फार आवडते. नव्यानं जुन्याचा वेश घेतल्याशिवाय जुना त्याला घरात घेत नाही.

हे झालं तिकडचं. आपल्याकडं त्याच वर्षी दोन गोष्टी झाल्या. कॉपीराइट कायद्यातली १९९४ ची दुरुस्ती मे १९९५ मध्ये लागू झाली. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरलं, तर किमान सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड, असं कलम ६३-बी सांगू लागलं. आणि १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते महानगरांत. म्हणजे बेकायदा प्रत वापरणं गुन्हा ठरलं, आणि कायदेशीर फुकट सिस्टिम जिथं मिळते ते इंटरनेट तालुक्यापासून लांब. २८.८ किलोबिटचा मोडेम अखंड चालला असता तरी एक सीडी उतरवायला दोन दिवसांहून जास्त लागले असते, आणि अकोल्याहून तो फोन एसटीडीचा! बिल कोण भरणार?

ही कोंडी फोडली एका मासिकानं. मार्च १९९६ च्या ‘पीसी क्वेस्ट’च्या अंकासोबत लिनक्सची सीडी आली. स्लॅकवेअर हे त्या लिनक्सचं नाव. यामागं मुख्य माणूस होता अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, इंजिनिअरिंग बेळगावात, काम बंगळूरला. २०१३ साली गेले. मराठीत त्यांच्यावर फारसं लिहिलं गेलेलं नाही, ही आपली चूक आहे असं मी मानतो. लिनक्सचा परवाना काय सांगतो? प्रत काढा, मित्राला द्या, त्यानं पुढं द्यावी. एका अंकाची सीडी गावभर फिरली तरी कुणाचा कायदा मोडत नाही. ‘पीसी क्वेस्ट’ नंतर अनेक वर्षं असं लिनक्स देत राहिलं, आधी रेड हॅटवर आणि मग फेडोरावर आधारलेलं.

पण स्लॅकवेअर घालायची त्या काळची रीत ऐका. सीडी असली तरी बहुतेक मशीनना एल टोरिटो कळत नव्हतं. म्हणून डॉसमध्ये ‘रॉराइट’ नावाचा प्रोग्रॅम चालवून दोन फ्लॉपी बनवायच्या, एक बूट, एक रूट. म्हणजे लिनक्स घालायला आधी एक चालू मशीन हवं. पुन्हा शेजारच्या काकूंची वाटी! तालुक्याच्या गावात हे चालू मशीन बहुधा एखाद्या क्लासवाल्याचं असायचं, आणि तो वर आपल्या फ्लॉपीतून व्हायरस येईल म्हणून हात लावू देत नसे.

बायोस बदलले, सीडी स्वतःहून सुरू व्हायला लागल्या, मग सीडी रायटर स्वस्त झाले. तिथून ‘विंडोज टाकणारा’ हा नवा कारागीर जन्माला आला. पाकिटात दहा सीडी, वर मार्करनं लिहिलेली नावं, ‘फॉरमॅट मारायचे’ ठरलेले पैसे. त्यातल्या किती सीडी ६३-बीच्या कक्षेत येत होत्या ते मी सांगत नाही, तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबर २००४ पासून उबुंटू नावाचं लिनक्स मागेल त्याला फुकट सीडी पोस्टानं पाठवू लागलं. फॉर्मवर पत्ता आणि ४२२६०१ हा पिनकोड टाकायचा, काही आठवड्यांनी पोस्टमन पाकीट आणून देणार. ही सोय एप्रिल २०११ पर्यंत चालली.

ज्याला पोस्टाची वाट बघायची नव्हती तो सीडी स्वतः बनवायचा. इथं एक चूक जवळजवळ प्रत्येकानं केली आहे. आयएसओ फाइल उतरवायची आणि नेहमीच्या फाइलसारखी सीडीवर कॉपी करायची. सीडी दिसायला पूर्ण भरलेली, पण मशीन काही उठत नाही. कारण सतराव्या सेक्टरवर ती खूणच गेली नाही. आयएसओ म्हणजे सीडीचा अथपासून इतिपर्यंतचा ठसा. तो ‘इमेज’ म्हणूनच उमटवावा लागतो. दह्याची बंद बरणी दुधात ठेवली म्हणून दूध विरजत नाही. दुसरा शत्रू भारनियमन. सीडी राइट होताना मध्येच वीज गेली की ती चकती वाया, मग ती एसटीडी बूथवाल्याच्या काउंटरवर चहाच्या कपाखाली.

आता पेनड्राइव्ह आहे, आणि बायोसच्या जागी यूईएफआय आलंय, ते सरळ फाइल वाचतं. पण कुठल्याही प्रमुख लिनक्सची आजची आयएसओ उघडून बघितली, तर सतराव्या सेक्टरवर अजून ‘एल टोरिटो’ ही अक्षरं सापडतात.

शेवटची विनंती. घरी माळ्यावर, जुन्या कपाटात मासिकांसोबत आलेल्या किंवा कुणी राइट करून दिलेल्या चकत्या असतील तर भंगारात देऊ नका. कारखान्यात छापलेल्या बऱ्या टिकतात, घरी राइट केलेल्यांचा रंग उडतो आणि मग त्या वाचता येत नाहीत. त्या राइट केलेल्या आधी काढा, फाइली कॉपी न करता अख्ख्या चकतीची इमेज उतरवा, आणि वर मार्करनं जे लिहिलंय त्याचा फोटो ठेवा. माझ्याकडं ड्राइव्ह चालू आहे, आज सोबत आणलाय. कुणी चकत्या आणल्या असतील तर प्रश्नोत्तरं चालू असतानाच सुरुवात करू.