सायकल स्टँड, चहा आणि तेरा मिनिटांचं नाटक

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पथनाट्य केलं होतं. काळा कुर्ता, जीन्स, डफली आणि घसा बसेपर्यंत आरोळ्या. विषय प्लास्टिकमुक्ती. खरं तर आधी वेगळाच विषय ठरला होता. कॉलेज झाडणाऱ्या कंत्राटी बायकांचा पगार तीन महिने थकला होता, त्यावर आम्ही स्क्रिप्ट लिहिली होती. ती वाचून सर शांतपणे म्हणाले, "पोरांनो, कॉम्पिटिशन जिंकायचीय ना?" आम्ही गपचूप विषय बदलला. दुसरं बक्षीस मिळालं.

गोल करून उभं राहायचं, माणसांनीच गाडी व्हायचं, भिंत व्हायचं, हे कुठून आलं याची आमच्यापैकी कुणालाच कल्पना नव्हती. नोकरी लागल्यावर कधीतरी शोधायला बसलो, आणि एक धागा थेट दिल्लीला पोचला.

१९७३ साली दिल्लीत 'इप्टा'तून बाहेर पडलेल्या काही तरुण नटांनी 'जन नाट्य मंच' ऊर्फ 'जनम' ही संस्था काढली. 'इप्टा'ची स्थापना १९४३ ची, आपल्या मुंबईतली. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावात गाजत होतं, तो हाच काळ. 'जनम'वाले सुरुवातीला मोठ्या रंगमंचावर मोठी नाटकं करायचे. मग आणीबाणी आली. ती उठली तेव्हा कामगार संघटनांचे खिसे रिकामे होते. स्टेज, लाइट, टेम्पो यांचा खर्च कोण करणार? मोठं नाटक परवडत नाही, तर छोटं करू, असं ठरलं. म्हणजे पथनाट्याकडे वळण्यामागे विचार होता तशी साधी पैशांची अडचणही होती.

पहिलं नाटक होतं 'मशीन', ऑक्टोबर १९७८. त्यामागची घटना दिल्लीलगतच्या गाझियाबादची. एका कारखान्यातल्या कामगारांच्या मागण्या दोन होत्या: सायकली लावायला जागा आणि चहा मिळेल असं कँटीन. मालकाने दोन्ही नाकारल्या. संप झाला, कारखान्याच्या सुरक्षारक्षकांनी गोळीबार केला आणि सहा कामगार मेले. सायकल स्टँड आणि चहा!

सफदर हाश्मी आणि राकेश सक्सेना यांनी यावर जेमतेम तेरा मिनिटांचं नाटक लिहिलं. नेपथ्य शून्य. नट एकमेकांना जोडून उभे राहतात, हात-पाय लयीत हलवतात, तोंडाने आवाज काढतात आणि यंत्र सुरू होतं. मग ते अचानक बंद पडतं. का? तर त्याच यंत्रातून एकेक जण सुटा होऊन बोलू लागतो: कामगार, रखवालदार, मालक. यंत्र चालतं ते माणसांवर, हे भाषणात सांगायला तासभर लागेल. इथे ते बघताक्षणी कळतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये सुमारे सात हजार कामगारांसमोर त्याचा प्रयोग झाला.

मला यातला वेग फार आवडतो. १९७९ मध्ये दिल्लीत बसची भाडेवाढ झाली, तर 'डीटीसी की धांधली' हे नाटक लगेच बसायला लागलं आणि लोकांसमोर आलंही. सरकारने निर्णय घ्यावा आणि त्याचं उत्तर चौकात मिळावं, तेही तिकिटाशिवाय.

अर्थात, चौकात उत्तर देण्याची किंमतही चौकातच मोजावी लागते. नोव्हेंबर १९८८ मध्ये दिल्ली परिसरातल्या कामगारांनी सात दिवसांचा संप केला. किमान वेतन महिना १०५० रुपये करा, ही त्यातली एक मागणी. त्या संपासाठी केलेल्या नाटकातून 'हल्ला बोल' तयार झालं. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळच्या झंडापूर या कामगार वस्तीत त्याचा प्रयोग चालू होता. नगरपालिकेच्या निवडणुकीचे दिवस. काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या उमेदवाराचा ताफा आला, त्यांना तिथूनच जायचं होतं. जरा थांबा किंवा दुसऱ्या रस्त्याने जा, असं सफदरने सांगितलं. ते गेले आणि काठ्या, सळया घेऊन परत आले. राम बहादूर हा कामगार गोळीने मेला. सफदर दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेला. वय ३४.

४ जानेवारीला सफदरची पत्नी मलयश्री आणि बाकीचे नट त्याच जागी परत गेले आणि अर्धवट राहिलेलं नाटक त्यांनी पूर्ण केलं. कोर्टाने आरोपींना दोषी ठरवलं ते २००३ मध्ये. नाटकाला तीन दिवस लागले, न्यायाला चौदा वर्षं.

हे वाचत होतो तेव्हा मी ऑफिसच्या पँट्रीत बसलो होतो. आमच्याकडे कॉफीचं मशीन आहे, बटण दाबलं की सहा प्रकारची कॉफी. ते रोज पुसणाऱ्या मावशी मात्र थर्मासमधून घरचा चहा आणतात आणि जिन्यात बसून पितात. मी एकदा त्यांना म्हटलं, "मावशी, इथलाच घ्या ना." त्या हसून म्हणाल्या, "आमाला परवानगी नाय, दादा."

ॲडमिनला मेल टाकला. उत्तर आलं, व्हेंडरच्या करारात ते बसत नाही. त्यावर मी काय केलं? काहीच नाही. अप्रेझल तोंडावर होतं.

१९७८ मध्येही मागणी चहाचीच होती. आमची ती कॉलेजची स्क्रिप्ट अजून माझ्या गूगल ड्राइव्हवर आहे. परवा उघडून पाहिली. संवाद बरेच कच्चे आहेत, पण विषय जुना झालेला नाही.