भुयारातून येणारं जेवण

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात टेकडीवर अपपार्क नावाचा एक जुना वाडा आहे. लाल विटांचा, देखणा. पण त्या काळी स्वयंपाकघर वाड्यात नव्हतं, बाजूच्या वेगळ्या इमारतीत होतं. जेवण आत पोचायचं ते जमिनीखालच्या भुयारातून. मालकांना खिडकीतून हिरवळ दिसावी, ताटं घेऊन पळणारी माणसं दिसू नयेत, अशी सगळी व्यवस्था.

आता या वाड्याची गंमत ऐका. 1825 मध्ये इथले मालक सर हॅरी यांनी वयाची सत्तरी ओलांडल्यावर लग्न केलं. कोणाशी? वाड्याच्या दुधाघरात काम करणाऱ्या मेरी अ‍ॅन बुलकशी. ती त्यांच्यापेक्षा जवळपास 50 वर्षांनी लहान. सर हॅरी 1846 मध्ये गेले आणि वाडा तिच्या नावे झाला. ती 1874 मध्ये गेल्यावर तिच्या बहिणीकडे, फ्रान्सिसकडे आला. म्हणजे चाकरी करणाऱ्या घरातली मुलगी मालकीण झाली!

या फ्रान्सिसची खास दासी म्हणून सारा नावाची एक बाई 1850 मध्ये कामाला आली होती. तिने बागेतल्या माळ्याशी, जोसेफ वेल्सशी लग्न केलं आणि काम सोडलं. नवऱ्याने क्रोकरीचं दुकान टाकलं, ते धड चाललं नाही. 1877 मध्ये त्याचा पाय मोडला, तेव्हा क्रिकेट खेळून मिळणारे चार पैसेही बंद झाले. शेवटी 1880 मध्ये सारा परत अपपार्कला आली, यावेळी हाऊसकीपर म्हणून. चाव्यांचा जुडगा, कोठी, चादरी, मोलकरणींवर देखरेख, सगळं तिच्याकडे. पण राहायचं नवऱ्यापासून लांब, तळघरातल्या खोलीत.

तेरा वर्षं काढली. कान गेले, वय सत्तर झालं, आणि 1893 मध्ये तिला कामावरून काढलं. काढणारी मालकीण कोण? तीच फ्रान्सिस. गरिबीतून वर आलेला माणूस गरिबाला सांभाळून घेतो, असं आपण म्हणतो. नेहमी तसं होत नाही, राव.

साराच्या हातात पेन्शन नव्हतं, कारण तसा कायदाच नव्हता. ब्रिटनमध्ये वृद्धांना सरकारी पेन्शन मिळू लागलं 1909 पासून, तेही सत्तरीनंतर, आठवड्याला जास्तीत जास्त 5 शिलिंग. सारा 1905 मध्येच गेली होती. तिला आधार होता तो मुलांचा.

त्यातला धाकटा म्हणजे लेखक एच. जी. वेल्स. आईकडे राहायला आला की तो मालकांच्या पुस्तकांवर ताव मारायचा. 1895 मध्ये त्याची 'टाइम मशीन' आली. त्यात वर सुखात लोळणारे लोक आणि जमिनीखाली राबणारे लोक आहेत. ती कल्पना अपपार्कच्या भुयारांवरून सुचली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींची तिथे नोंदणी झाली आहे का? एकदा विचारा. आणि त्यांचे हात थकल्यावर पुढे काय, हेही.

भुयारं आपल्याकडे नाहीत. पण कित्येक सोसायट्यांत त्यांच्यासाठी लिफ्ट मात्र वेगळी आहे.